परीक्षकाविना पिस्तूल

अमेरिकेतील एखाद्या मध्यमवर्गीय गृहस्थाने घरात पिस्तूल ठेवावयाचे ठरविले, म्हणजे तो प्रथम काय करतो? तो चार अनुभवी माणसांना विचारतो. आपल्याकडे शिवणयंत्र किंवा स्कूटर घेण्यापूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मत घेण्याची जी रीत आहे, तीच तेथे पिस्तुलाच्या बाबतीत रूढ आहे. कोणाची मूठ हातात चांगली बसते, कोणाचा चाप हलका, कोणते काडतूस अडकू न देता हजारो फैरी झाडते, कोणते स्वस्त, कोणते साफ करावयास सोपे, याविषयी पिस्तूलधारक मंडळी इतक्या आवडीने, इतक्या बारकाईने आणि पुष्कळदा इतक्या हट्टाने बोलतात की, ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. या चर्चेत आज एकाच जातीच्या पिस्तुलाचे राज्य आहे. पोलादी सांगाड्याऐवजी पॉलिमरचा, म्हणजे कणखर प्लॅस्टिकचा सांगाडा असलेले अर्धस्वयंचलित पिस्तूल, हे ते होय. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते, एवढाच 'अर्धस्वयंचलित' या शब्दाचा अर्थ.

विषय परक्या देशाचा. त्यावर आम्ही आमचे पहिले पान का खर्ची घालावे, असे वाचक विचारतील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आज हजारो मराठी कुटुंबे वसलेली आहेत. शेजारच्या घरात पिस्तूल आहे, आपण घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न त्यांच्याही दारात येऊन उभा राहतो. दुसरे कारण अधिक व्यापक आहे. जी वस्तू चुकली असता माणूस मरतो, तिची परीक्षा कोणी करावयाची, हा प्रश्न एका देशापुरता नाही. अमेरिकेने त्याचे जे उत्तर दिले आहे, ते तपासून पाहणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

प्रथम या वस्तूचा थोडा इतिहास पाहू. पॉलिमरचा सांगाडा असलेले पहिले पिस्तूल जर्मनीतील हेकलर अँड कॉख या कारखान्याने 1970 साली बाजारात आणले. पण त्याचे फारसे चीज झाले नाही. या कल्पनेला यश मिळवून दिले ते गास्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन अभियंत्याने. पडद्यांचे गज, लष्करासाठी सुऱ्या व खणण्याची हत्यारे असल्या वस्तू बनविणाऱ्या या गृहस्थाने तोवर एकही पिस्तूल घडविले नव्हते. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवे पिस्तूल हवे आहे असे कळताच त्याने ते तयार केले, आणि 1982 साली सैन्याने ते स्वीकारले. अमेरिकन सैन्याने 1911 पासून 1985 पर्यंत वापरलेले प्रसिद्ध पोलादी पिस्तूल रिकामे असताना सुमारे 1100 ग्रॅम भरे आणि त्याच्या पेटीत सात काडतुसे मावत. ग्लॉकचे पिस्तूल सुमारे 625 ग्रॅम वजनाचे, आणि त्यात सतरा काडतुसे मावू लागली. ते गंजत नव्हते, त्यात सुटे भाग थोडे होते आणि ते घडविण्यास खर्चही कमी येई.

हे 'प्लॅस्टिकचे पिस्तूल' अमेरिकेत येताच तेथे मोठी घबराट उडाली. विमानतळावरच्या यंत्रांना ते दिसणार नाही, अशी आवई उठली. वस्तुतः त्याची नळी आणि वरचा सरकता भाग पोलादाचाच होता. तरीही धातुशोधक यंत्राला न सापडणाऱ्या बंदुकांना मनाई करणारा कायदा 1988 साली झाला. मात्र त्याचा या पिस्तुलाला काहीच उपद्रव झाला नाही. उलट पोलीस खात्यांनी आपली जुनी रिव्हॉल्व्हरे टाकून हीच पिस्तुले घेतली, आणि पोलिसांच्या कमरेला जे दिसले ते नागरिकांनी उचलले. इतर कारखानेही मग याच वाटेने गेले. 2017 च्या जानेवारीत अमेरिकन सैन्याने आपले नवे पिस्तूल म्हणून सिग सॉवर कंपनीचे पी-320 निवडले, तेही पॉलिमरच्या मुठीचेच.

आता पिस्तूलधारकांची मते पाहू. ती पोरकट असतात असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. ज्याचे जळते त्याला कळते, आणि ज्याने आपल्या हाताने पाच हजार फैरी झाडल्या आहेत त्याच्या बोलण्यात काही सत्त्व असतेच. ग्लॉकची मूठ जुन्या पिस्तुलाच्या मानाने अधिक तिरपी आहे. म्हणून जुन्या पिस्तुलाची सवय असलेल्याचा नेम वर जातो, हे निरीक्षण खरे आहे. लहान हाताच्या माणसाने मुठीची मागची पट्टी बदलता येईल असे पिस्तूल पाहावे, ही सूचना व्यवहारी आहे. म्हाताऱ्या माणसाला किंवा संधिवात झालेल्या स्त्रीला वरचा भाग मागे ओढण्याइतके बळ नसते. तिने तो हलका असलेले पिस्तूल निवडावे, हेही शहाणपणाचे आहे. पिस्तूल लहान असले म्हणजे खिशात मावते, परंतु त्याचा हिसका अधिक बसतो. म्हणून लपविण्यास सोपे ते चालविण्यास अवघड, हाही अनुभवाचाच निष्कर्ष आहे.

सर्वांत कडाक्याचा वाद सुरक्षेच्या खटक्याविषयी होतो. पॉलिमरच्या बहुसंख्य पिस्तुलांना अंगठ्याने सरकवावयाचा खटका नसतो. चापातच एक लहानशी पट्टी बसविलेली असते आणि आतील अडसर चाप पुरता ओढल्यावाचून दूर होत नाहीत. एक पक्ष म्हणतो की, संकटाच्या क्षणी खटका सरकविण्याचे भान राहत नाही. तो नसलेलाच बरा. दुसरा पक्ष म्हणतो की, संकटाचा क्षण जन्मात एकदा आला तर येतो. पिस्तूल कमरेला लावण्याचा आणि काढण्याचा क्षण मात्र रोज येतो, आणि सदऱ्याचे टोक चापात अडकले तरी गोळी सुटू शकते. ग्लॉक साफ करण्यासाठी उघडावयाचे तर आधी चाप ओढावा लागतो, हाही असाच एक वादाचा मुद्दा आहे. पेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजून, नळीत राहिलेले एक काडतूस विसरून, ज्याने चाप ओढला त्याला दुसरी संधी मिळत नाही. म्हणून जाणते धारक नवख्याला शेवटी एकच सांगतात: नळी डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपून पाहा, पिस्तूल भरलेलेच आहे असे समजून वागा, आणि कारखान्याचे नाव कोणतेही असो, सरावावर पैसा खर्च करा. हा उपदेश सोन्यासारखा आहे.

परंतु येथेच या मतांची मर्यादाही सुरू होते. मूठ कशी बसते, हे धारकाला नक्की सांगता येते. पिस्तूल निर्दोष आहे की नाही, हे मात्र त्याला सांगता येत नाही. समजा, एखाद्या जातीच्या दहा हजार पिस्तुलांत एक असे आहे की, ते विशिष्ट कोनात पडले असता आपोआप सुटते. उरलेले नऊ हजार नऊशे नव्याण्णव धारक शपथेवर सांगतील की, आमचे पिस्तूल कधी बिघडले नाही. ते खोटे बोलत नसतात; त्यांना जे दिसले ते ते सांगतात. पण पुलावरून सुखरूप गेलेल्या प्रवाशांच्या साक्षींवरून पूल मजबूत ठरत नाही. त्यासाठी खांबाखाली उतरून पाहणारा अभियंता लागतो. 'माझ्या बाबतीत कधी घडले नाही' हे वाक्य अनुभवाचे असते. ते पुराव्याचे आहे असा भास होतो, आणि तेवढ्याने माणूस निर्धास्त होतो.

पी-320 चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हे पिस्तूल प्रचलित पतन-चाचण्या उत्तीर्ण झालेले होते. 2017 च्या उन्हाळ्यात असे उघड झाले की, विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडले असता नागरिकांना विकलेले हे पिस्तूल सुटू शकते. चाचणीच्या ठरीव कोनांत तो कोन नव्हता, एवढेच. एका खाजगी विक्रेत्याने ते निरनिराळ्या कोनांत पाडून पाहिले आणि त्याचे चित्रण लोकांपुढे ठेवले, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाप व आतील काही भाग बदलून देण्याची ऐच्छिक योजना जाहीर केली. 'ऐच्छिक' या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. पिस्तूल परत पाठवावे की न पाठवावे, हे धारकावर होते. आणि बोलवावे की न बोलवावे, हे कंपनीवर होते.

त्यानंतर निराळ्याच तक्रारी येऊ लागल्या. चापाला हात न लावता, होल्स्टरमध्ये असतानाच पिस्तूल सुटले, असे कित्येक पोलिसांनी व नागरिकांनी न्यायालयांत सांगितले. चाप ओढल्यावाचून हे पिस्तूल सुटत नाही, अशी कंपनीची ठाम भूमिका आहे, आणि काही दावे न्यायालयांनी फेटाळलेही आहेत. उलटपक्षी 2024 साली जॉर्जिया राज्यात आणि फिलाडेल्फियात ज्यूरींनी जखमी झालेल्यांच्या बाजूने कौल देऊन मोठ्या भरपाया ठरविल्या. खरे कोणाचे, हे येथे बसून ठरविणे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जे प्रयोगशाळेत अभियंत्यांनी ठरवावयाचे, ते पायात गोळी घुसल्यावर बारा सामान्य नागरिकांच्या पंचांनी का ठरवावे?

याचे उत्तर अमेरिकेच्या कायद्यात आहे. 1972 साली त्या देशाने ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता पाहणारा एक आयोग निर्माण केला. बाळाचा पाळणा, भाजणीचे यंत्र, मुलांचे खेळणे यांत दोष आढळला तर आयोगाला चौकशी करता येते व वस्तू परत बोलावण्यास भाग पाडता येते. बंदुका व काडतुसे मात्र या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली, आणि त्यांच्या उत्पादनावर अथवा विक्रीवर आयोगाने कोणताही निर्बंध घालू नये, असे 1976 साली पुन्हा स्पष्ट बजावण्यात आले. यातून निर्माण झालेली विसंगती पाहा. छऱ्याच्या बंदुकीत छरा अडकून राहतो आणि पोरांना ती रिकामी वाटते, म्हणून याच आयोगाने 2001 साली एका उत्पादकाविरुद्ध कारवाई सुरू केली. खऱ्या गोळीच्या पिस्तुलात तोच दोष असता तर आयोगाला तोंड उघडता आले नसते! 2005 च्या कायद्याने बंदूक उत्पादकांना गुन्हेगारांच्या कृत्यांबद्दलच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. सदोष रचनेबद्दल दावा करण्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे हे खरे. पण ती वाट अपघातानंतरची आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी पिस्तूल विक्रीस येण्यापूर्वी ते पाडून व झाडून पाहण्याच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. परंतु देशाच्या पातळीवर अशी संस्था नाही.

राष्ट्रीय पातळीवर परीक्षक नसल्यामुळे ते सारे ओझे धारकांच्या मतांवर येऊन पडले आहे. हौशी माणसांचा अनुभव, दुकानदाराची शिफारस, आणि एखाद्या चिकित्सक विक्रेत्याची हिकमत, यांतूनच दोष उघडकीस यावयाचा. हे लोक आपल्या परीने प्रामाणिक आहेत. दोष त्यांचा नाही. जे काम राज्यसंस्थेने अंगावर घ्यावयाचे ते त्यांच्या गळ्यात घालण्यात आले आहे, ही खरी तक्रार आहे.

सैन्याची गोष्ट याच्या उलट आहे. 2025 च्या जुलैत वायोमिंगमधील एका हवाई तळावर एक सैनिक मृत्युमुखी पडताच हवाई दलाच्या संबंधित विभागाने पी-320 च्याच कुळातील आपल्या पिस्तुलांचा वापर थांबविला, त्यांची तपासणी केली आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा वापरात आणली. त्या मृत्यूच्या प्रकरणात पुढे दुसऱ्या एका सैनिकाला अटक झाली. म्हणजे शस्त्राकडे बोट दाखविणे घाईचे ठरले. आम्हांला महत्त्व वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. तेथे 'थांबा' म्हणण्याचा, तपासण्याचा आणि 'आता वापरा' म्हणण्याचा अधिकार असलेले कोणीतरी होते. अशा व्यवस्थेत सदोष शस्त्र पकडले जाते, आणि निर्दोष शस्त्रावरचा आळही लवकर दूर होतो. सामान्य धारकाच्या वाट्याला मात्र दोन्ही बाजूंनी संशयच येतो.

यावर अमेरिकन धारकाचे एक उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तो म्हणतो: शस्त्र बाळगणे हा आमचा घटनादत्त हक्क आहे, 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्याच्या हक्कावर शिक्कामोर्तब केले आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली सरकारला एकदा आत घेतले, की ते अशा अटी घालील की पिस्तूलच मिळू नये. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. चाचणीचे हत्यार करून बंदी आणण्याचा मोह राज्यकर्त्यांना होऊ शकतो. परंतु त्यावरचा उपाय चाचणीच नको म्हणणे हा नव्हे. आयोगाचे अधिकार रचनेतील दोषांपुरते मर्यादित करता येतील, त्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवता येईल, आणि त्यावर धारकांचे प्रतिनिधीही नेमता येतील. मोटार चालविण्याचे स्वातंत्र्य ब्रेकच्या तपासणीने कोणाचे गेले? हक्क जितका मोठा, तितके त्याचे साधन निर्दोष असण्याची निकड अधिक. हे पिस्तूल ज्याच्या कमरेला लागते, ज्याच्या उशाशी राहते, त्याच्याच जिवाचा हा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीत अमेरिकेतील 32 टक्के प्रौढांनी आपल्याजवळ बंदूक असल्याचे सांगितले, आणि त्यांतील 72 टक्क्यांनी स्वसंरक्षण हे त्याचे एक प्रमुख कारण दिले. पण 2021 साली त्या देशात बंदुकीने जे 48,830 मृत्यू झाले, त्यांपैकी 26,328 आत्महत्या होत्या. परक्याच्या भयाने घरात आणलेले शस्त्र घरातल्याच माणसाच्या एखाद्या काळ्या रात्री त्याच्या हाताशी लागते, असा या आकड्यांचा इशारा आहे. कोणते पिस्तूल घ्यावे, या चर्चेत तिजोरी कोणती घ्यावी आणि तिची किल्ली कोणाजवळ असावी, हा प्रश्न शेवटी येतो. तो पहिला यावयास हवा. अमेरिकेतील आमच्या मराठी बांधवांना आम्ही एवढेच सुचवू की, शेजाऱ्याला पिस्तुलाची जात विचारण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरातील माणसांकडे एकवार नीट पाहावे.

आपल्या देशाने या बाबतीत निराळी वाट धरली, आणि ती विचारपूर्वक धरली. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने या देशाला निःशस्त्र केले, ही नामुष्की आपल्या पुढाऱ्यांना सलत होती. म्हणून 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामथ यांनी घटना समितीत तोच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचविली. ती मान्य झाली नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत कायम केली. 9 मिलिमीटरचे जे पिस्तूल अमेरिकन माणूस दुकानातून नेतो, ते सामान्य भारतीयाला निषिद्ध बोअरचे आहे, त्याला.32 बोअरसारख्या मोजक्या प्रकारांतच निवड करावी लागते. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

तथापि, यावरून आपण स्वतःची पाठ थोपटून घ्यावी असे नाही. आपला कायदा माणसाची चौकशी कसून करतो. परंतु शस्त्र हातात पडल्यावर त्या माणसाला ते वापरता येते की नाही, याविषयी आपण पुष्कळच बेफिकीर आहोत. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची तरतूद आहे. ते शिक्षण गांभीर्याने दिले जाते की दाखल्यापुरते उरते, याकडे परवाना देणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी 2019 साली दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा कायद्यात घालावी लागली, ही गोष्ट परवानाधारकांच्या शहाणपणाविषयी काय सांगते? माकडाच्या हाती कोलीत दिल्यावर ते कोलीत उत्तम कारखान्यात घडले होते, हे समाधान व्यर्थ आहे. शिवाय अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे खाजगी कारखान्यांनाही शस्त्रे बनविण्याचे परवाने मिळू लागले आहेत. उद्या येथील बाजारात निवड वाढेल, जाहिराती येतील, आणि धारकांची मतेही येतील. तो दिवस उजाडण्यापूर्वीच प्रत्येक नव्या शस्त्राची निःपक्षपाती चाचणी, दोष आढळल्यास ते परत बोलावण्याची सक्ती, आणि चाचणीचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवण्याची प्रथा, या तिन्ही गोष्टी शासनाने पक्क्या कराव्यात, अशी आमची मागणी आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपली म्हण आहे. अमेरिकेतील पिस्तूलधारकांनी एकमेकांना दिलेला सल्ला आम्ही आदरानेच वाचतो. त्यात अनुभव आहे, कळकळ आहे. पण सल्ला हा सल्ला, आणि परीक्षा ही परीक्षा. मूठ कशी बसते, हे ज्याचा हात त्याने सांगावे. ती मूठ विश्वासाला पात्र आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी मात्र समाजाची आहे, आणि ती त्याने विकत घेणाऱ्याच्या माथी मारू नये.